भोंगा

वसमतमध्ये रिक्षा चालवतो. टपावर भोंगा.
निवडणूक, सर्कस, चपलांचा सेल,
आवाज माझा, मजकूर ज्याचा त्याचा.

त्या चैत्रात मजकूर खिल्लारे मॅडमचा होता.
निळ्या शाईत, एक ओळ सोडून एक:
पाणी उकळून प्यावे.
बर्फ विकू नये.
आठवडी बाजार पुढील आदेशापर्यंत बंद.

गावाच्या कडेनं हळद शिजवायचे कुकर
रात्रंदिवस फुसफुसत होते.
शिवारभर उकळीचा वास,
आणि लोक रिक्षा अडवून मला विचारायचे,
पाणी उकळायला सरपण काय तुझी मॅडम देती का रे?

दोन लेकरांना ढाळ झाली, तर गाव बंद?
दोन नव्हती, सात होती.
सात हा आकडा मजकुरात नव्हता,
म्हणून मी गप्प.

मोंढ्यात लोहकरे काका कट्ट्यावर उभे राहून बोलले.
आम्ही लहानपणी ओढ्याचं पाणी ओंजळीनं पिलं,
काय झालं आम्हाला?
टाळ्या पडल्या.
काकांच्या पाठचा एक भाऊ होता, पाच वर्षांचा.
तो कशानं गेला ते त्यांच्या घरात
कोणी काढत नाही.

दवाखान्याच्या भिंतीवर कोळशानं कोणी लिहिलं,
भित्री भागूबाई.
मॅडमनी ते पुसायला लावलं नाही.
त्याच्याच शेजारी
साखर-मिठाच्या पाण्याचं प्रमाण चिकटवलं.

आता माझ्या घरचं सांगतो.
जब्बार माझा धाकटा भाऊ. गोळ्याची गाडी त्याची.
काला खट्टा, गुलाब, संत्रा,
बाटल्या उन्हात नुसत्या चमकत राहिल्या.
'बर्फ विकू नये' मी त्याच्या गल्लीतून तीनदा म्हणालो.
तिसऱ्यांदा त्यानं दार लावून घेतलं.
वर्षातले दोन महिने कमवायचे, त्यातले अठरा दिवस
माझ्याच तोंडानं गेले.

नवव्या दिवशी मोर्चा निघाला.
जब्बारची शेवटची लादी, गोणपाटात, भुशासकट,
चौघांनी उचलून मॅडमच्या पायरीवर ठेवली.
घ्या, म्हणाले, तुमचा रोग.
घोषणा झाल्या. फोटो झाले.
मॅडम बाहेर आल्या, पदर खोचून उकिडव्या बसल्या,
वितळलेलं पाणी एका बाटलीत धरलं,
झाकण लावलं, चिठ्ठी लावली,
आणि शिपायाला म्हणाल्या, तपासायला पाठव.
लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
त्या बाटलीचा निकाल काही आला नाही,
म्हणजे आला असेल, आम्हाला कोणी सांगितलं नाही.

अठराव्या दिवशी बाजार उघडला.
नळाची फुटकी पाइप सापडली होती, गटाराखाली, कासार गल्लीत.
तोवर एकही माणूस दगावलं नव्हतं,
आणि तेच सगळ्यांच्या हातात सापडलं.
मेलं का कोणी? सांगा, मेलं का?
असं ओरडून विचारत होते
जणू मॅडमनी माणसं कबूल केली होती
आणि ऐनवेळी दिली नाहीत.

बदली झाली. सामान माझ्याच रिक्षात.
एक पत्र्याची पेटी, एक कुंडी, पुस्तकांची दोन खोकी.
बस स्टँडवर धीर करून विचारलं,
मॅडम, खरंच एवढी गरज होती का?
त्या सुटे पैसे मोजत होत्या.
माहीत नाही, म्हणाल्या.
माहीत होईपर्यंत थांबले असते
तर तुमच्या भोंग्यावर दुसरा मजकूर आला असता.
भाडं मी घेत नव्हतो. त्यांनी सीटवर ठेवलं.

जब्बार बोलतो आता. ईदेला बोलला.
पण गोळा माझ्या हातात देत नाही,
गाडीच्या कडेवर ठेवतो. मी उचलून घेतो.

परवा एका लग्नात भोंगा लावला होता.
पेनड्राइव्हमध्ये जुनं काही राहिलं असेल.
दोन गाण्यांच्या मध्ये, भर पंगतीत,
माझाच आवाज आला: पाणी उकळून प्यावे.
मंडप हसून लोळला. नवरदेवही.
मी बटण शोधत होतो.
कडेच्या पंगतीत एक म्हातारी, कोणाकडची कोण जाणे,
तोंडाशी नेलेला पेला तिनं खाली ठेवला
आणि वाढप्याला खुणेनं विचारलं,
हे पाणी कुठलं?